सामानाचा जिना

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय मैत्रिणीस,

तू खुशाल असशील, घरची मंडळीही मजेत असतील. इकडे माझं बरं चाललं आहे. हे पत्र कुणाचं म्हणून तू आधी शेवटची सही बघशील, मला माहीत आहे. गोष्टीचं पुस्तकसुद्धा तू शेवटाकडून उघडायचीस. सही बघून झाली असेल तर आता पुन्हा वर ये.

तुझा पत्ता मी आमच्या तिकीट खिडकीवरच्या मुलीकडून मिळवला. तुमच्या गटाचं बुकिंग दुकानाच्या नावावर होतं. पडदे आणि अभ्रे शिवून मिळतील, असं खाली छापलेलं. म्हणजे शिवणावरच सगळं उभं केलंस तर. सिस्टर म्हणायच्याच, हिच्या हातात सुई दिली की ही जेवण विसरते. बरोबर आलेल्या त्या सगळ्या तुझ्या दुकानातल्या मुली ना? संग्रहालयात लोक काचेच्या कपाटांपाशी थांबतात, त्या पडद्यांपाशी थांबल्या. एकीनं आमच्या पडद्यांच्या शिवणीला नावं ठेवली, आणि मी जवळ जाऊन पाहिलं तर खरंच ओढलेली निघाली.

त्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही याची रुखरुख लागून राहिली आहे. रविवार, त्यात दोन गट एकदम आले. तुला ओळखलं तेव्हा तू फाटकाबाहेर पडली होतीस. मागून, चालीवरून ओळखलं. हाक मारणार तेवढ्यात तुमची बस हलली. इतक्या वर्षांनी माणूस ओळखायला वेळ लागणारच, नाही का? तेव्हा तुला सगळे टाचणी म्हणायचे. आता टाचणीची टाचण्या खोचायची उशी झाली आहे. रागावू नकोस, मी काही मागे नाही.

माझं म्हणशील तर हे गेल्याला चार वर्षं झाली. मुलगा, सून, नात, सगळे एकाच घरात, आणि भांडणं होत नाहीत असं म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून म्हणत नाही. गुडघे कुरकुरतात. गेली दोन वर्षं मी शनिवार-रविवार संग्रहालयात येणाऱ्यांना इमारत दाखवते. सुनेची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, तिथल्या समितीवर आहेत. त्यांनीच मला ओढलं. म्हणाल्या, तुम्ही इथल्या विद्यार्थिनी, तुमच्याइतकं कोण सांगणार?

आणि खरं सांगू, सांगायला लागले की मला वेळेचं भान राहत नाही. तू घाईत पाहिलीस. लाकडाच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं ते घर, म्हणून प्रत्येक खोलीला वेगळं लाकूड. आलेल्या गिऱ्हाईकाला तो नमुने दाखवायचाच नाही म्हणे, नुसता घरातून फिरवायचा. दिवाणखान्यात काळपट, जेवणघरात तांबूस, झोपायच्या खोल्यांत मधासारखं. मधला हॉल दोन मजले उंच, डोक्यावर काचेचं छप्पर. दुपारी बाराला उजेड सरळ खाली पडतो आणि काळ्यापांढऱ्या फरशीवर कुणाचीच सावली राहत नाही. समोरचा जिना अर्ध्यात दुभंगतो आणि दोन्हीकडून वर जातो, दोन हात पसरून बोलावल्यासारखा. व्यापाऱ्याला मूलबाळ नव्हतं, त्यानं घर सिस्टरांना दिलं, शाळा झाली. शाळा बंद पडल्यावर तिथे सरकारी कागद ठेवले होते आणि कागदांवर कबुतरं. आता कुठे इमारतीचे दिवस पालटलेत. दुरुस्तीचं काम बघायला एक आर्किटेक्ट मुलगी येते. ती भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन खरवडते, रंगाखालचा रंग, त्याखालचा रंग, आणि सगळे तसेच उघडे ठेवते. आपल्या वेळचा फिकट निळा तिसरा निघाला. मी बोट लावून पाहिलं. सिस्टरांच्या हॉलचा वास आला, असं वाटलं, पण तो नव्या चुन्याचा होता.

आता मागच्या बाजूला लिफ्ट होणार आहे. माझ्यासारख्या गुडघेवाल्यांची सोय. तू मागच्या भागाबद्दल काहीतरी विचारलंस, मी गडबडीत काय उत्तर दिलं ते मला धड आठवत नाही. चुकीचं काही बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस.

पुन्हा ये. या वेळी एकटी ये, निवांत.

तुझी शाळेतली सोबतीण


शनिवार, १८ ऑक्टोबर

टाचणे,

तुझं उत्तर आलं. दुकानाच्या पावतीच्या मागे तीन वाक्यं. 'पत्र मिळालं. बोलतेस छान. जिना कधी पाडणार?'

वाचून मी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं आणि विसरले. भांडं करपल्यावर सून धावत आली. कुणाचं पत्र म्हणून तिनं विचारलं, तर मी म्हटलं, पडदेवालीचं. बघ. तुझी अक्षरं अजून डोळ्यांपुढे होती आणि मी तुला पुन्हा मागच्या दारानं आत घेतलं.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला ते कळलं आहे, नाहीतर तू तीनच वाक्यं लिहिली नसतीस. तू तर शाळेत निबंधालासुद्धा जास्तीची पुरवणी मागायचीस.

मी तुला फाटकात ओळखलं नाही. आत, समोरच्या जिन्यावर ओळखलं. मी दर वेळी त्या वळणावर सगळ्यांना थांबवते. सांगते, आता कठड्याच्या खाली हात घाला, सुतारानं तिथे एक पान कोरलंय, वरून कुणाला दिसत नाही. लोक वाकतात, चाचपडतात, कुणाला सापडतं, कुणाला नाही, हशा होतो. त्या दिवशी मी 'आता कठड्याच्या' इथवरच आले होते आणि मागच्या रांगेतल्या एका बाईचा हात आधीच खाली गेला होता. न बघता. नेमका पानावर. अंगठा पानाच्या देठावरून फिरत होता, फडकं गुंडाळलेल्या अंगठ्यासारखा.

ते पान फीवाल्या मुलींना माहीत नव्हतं. कसं असणार? त्या कठड्यावरून घसरायच्या. खालची बाजू ठाऊक असायची ती दर शनिवारी गुडघ्यांवर बसून जवसाचं तेल चोळणाऱ्यांना. तुला, मला आणि आपल्यासारख्या बाकीच्यांना. फुकट्यांना. हा शब्द मी कॉलेजात गेल्यापासून तोंडानं उच्चारलेला नाही. आज लिहिला, तर हातानं जरा वेळ घेतला.

आणि मी काय केलं? तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी पुढचं वाक्य म्हटलं. तेच, जे मी दर वेळी म्हणते. 'आम्ही मुली सिस्टरांची नजर चुकवून या कठड्यावरून घसरत खाली यायचो.' तू ऐकत होतीस. तुझ्या मुली हसल्या, त्यातल्या एकीनं तुला कोपरानं ढोसलं. मला वाटलं आता तू बोलणार. तू नुसतं म्हणालीस, 'मजा असेल हो तुमची.' हो. तुमची. तू मला अहो-जाहो केलंस, मला वाचवायला.

मग हॉलमधलं ते भिंतीतलं दार. माझा तो हुकमाचा एक्का आहे. लाकडी तावदानात इतकं बेमालूम बसवलं आहे की दार आहे हे दाखवल्याशिवाय कळत नाही, हॉलच्या बाजूनं त्याला कडी नाही की मूठ नाही. मी ढकलते, ते आत जातं, लोक अरेच्चा म्हणतात, अरुंद गोल जिना दिसतो. तू तिथे उंबऱ्यापाशी उभी राहिलीस. सगळे पुढे सरकले तरी तू हलेनास. मग विचारलंस, 'बाई, हा जिना कुणाचा?'

मी म्हटलं, 'सामानाचा.'

तू आत वाकून भिंतीला हात लावलास आणि म्हणालीस, 'बरोबर. सामानच चढायचं यावरून.'

तुझ्याबरोबरची एक मुलगी हसली, तिला वाटलं विनोद आहे. मीही हसले, टाचणे. ते हसू अजून माझ्या तोंडावरून गेलेलं नाही, पाणी मारलं तरी.

हे सगळं सुरू कसं झालं, तेही ऐक. यांच्यापाशी मी कधी खोटं बोलले नाही. यांना माहीत होतं की मी त्या शाळेत शिकले. माझी आई सिस्टरांच्या धुलाईघरात होती, हेही लग्नाआधी सांगितलं होतं, पण 'सिस्टरांकडे नोकरीला' एवढंच. त्यांनी पुढे विचारलं नाही. मुलानं विचारलं नाही. आपलं इंग्रजी ऐकून लोक पुढचं स्वतःच ठरवतात. वर्गात फळा तर एकच होता ना, जिने दोन असले म्हणून काय? त्या इंग्रजीनं मला फार लांब नेलं. तुम्ही सगळ्या मला पोपट म्हणायचात, सिस्टरांची नक्कल करते म्हणून. पोपट पुढे त्याच आवाजात बोलत राहिला आणि लोकांना वाटलं, हाच त्याचा आवाज.

दोन वर्षांपूर्वी विहीणबाई मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेल्या. जिन्यापाशी म्हणाल्या, 'विहीणबाई, खरं सांगा, यावरून घसरलाच असाल.' त्या इतक्या कौतुकानं बघत होत्या. मी हसले. नुसतं हसले, बोलले काहीच नाही. त्यांनी ते हसू घरी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात एका गटापुढे मीच सांगितलं. मग ती गोष्ट पक्की झाली. आता माझी नात शाळेत सांगते, आमची आजी कॉन्व्हेंटच्या कठड्यावरून घसरायची.

एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. गेल्या महिन्यात त्या आर्किटेक्ट मुलीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, दगड किती जुना ते मी सांगू शकते, त्यावरून कोण चालायचं ते माणसंच सांगू शकतात. लिफ्टला जागा हवी, मागचा जिना काढला तर ती तिथे बसते, पण तो रोजच्या वापरातला, मुलींचा जिना असेल तर तो शाळेच्या इतिहासाचा भाग आहे, मग आम्ही लिफ्ट दुसरीकडे नेऊ, खर्च वाढला तरी. तुम्ही इथे होतात. तुम्हाला काय आठवतं?

ती किती आदरानं विचारत होती. मागे विहीणबाई उभ्या होत्या.

मी म्हटलं, 'तो आमच्या वापरात नव्हता. सामान न्यायचे बहुतेक.'

तिनं मान डोलावली आणि आभार मानले. तेवढ्यावर ठरलं. तुझ्या पत्रातल्या तिसऱ्या वाक्याचं उत्तर: पुढच्या महिन्यात पाडणार.

तू बातमी वाचून आली होतीस, हो ना? पाडायच्या आधी एकदा हात लावायला. आणि मी तुला सांगितलं, सामानाचा.

पोपट


रविवार, २ नोव्हेंबर

टाचणे,

तुझं उत्तर नाही. ते बरोबरच आहे. तरी लिहिते आहे, कारण घडलंय ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

शुक्रवारी समितीची मंडळी इमारतीत जमली होती. अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, आर्किटेक्ट मुलगी, ठेकेदार आणि विहीणबाई. लिफ्टची जागा खडूनं आखायची होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी घरून निघताना सुनेला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय. बघ, खरं बोलायला निघाले तीही खोटं बोलून.

मी ते दार ढकलून उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, 'मी चुकीचं सांगितलं होतं. हा मुलींचा जिना आहे. ज्या फी देत नसत त्या मुलींचा. मी याच जिन्यानं चढायचे.'

फरशीवर खडू ओढणं थांबलं. मला वाटलं होतं, धरणी दुभंगेल. काही झालं नाही. डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागले ती मला आधी कळलीच नाही. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, बाई, तुम्ही गेल्या महिन्यात वेगळं म्हणाला होतात, आठवतंय का? आज कोणता वार आहे, सांगता?

मी वार सांगितला. बरोबर सांगितला. त्यांनी हे शाबासकी द्यावी तसं ऐकून घेतलं.

विहीणबाई पुढे आल्या, माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना म्हणाल्या, 'हल्ली त्यांना जरा विसर पडतो. परवा चहाचं भांडं जाळलं. आम्ही घरी बोलतोच आहोत.' मग माझ्या कानाशी, 'काही बोलू नका, विहीणबाई. मी सांभाळते.'

टाचणे, त्या वाईट नाहीत. माझा हात त्यांनी सोडलाच नाही. मला त्यात काय काय दिसलं सांगू? त्यांच्या लेकीचं घर, त्यांनी मैत्रिणींपुढे मिरवलेली मी, आणि थोडी माझी काळजीही, खरीखुरी. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं, आणि मला फक्त आत शिरायचं होतं. म्हातारी आहे, घोटाळा होतो, पाणी द्या तिला. दोन मिनिटांत मी पुन्हा सन्मान्य झाले असते. आणि तुला खरं सांगते, मी बसले. डॉक्टरांनी खुर्ची सरकवली आणि मी बसले. पाणी प्यायले. दोन वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकदा खरं बोलले तर नाडी बघितली.

पण पेला खाली ठेवताना मला त्या आर्किटेक्ट मुलीचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे नाही, जिन्याकडे बघत होती. मी उठले. म्हटलं, मला विसर पडलेला नाही, मला लाज वाटत होती. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. मग मी आत गेले आणि चढायला लागले. मागून विहीणबाई 'अहो, गुडघे, गुडघे' म्हणत होत्या.

आतला अंधार अजून तोच आहे. भिंती इतक्या जवळ की पाण्याची बादली पुढे धरावी लागायची, बाजूला मावायची नाही. आठव, आपण एकामागून एक बसायचो, एका पायरीवर एक, घंटेची वाट बघत. फीवाल्या मुली वर्गात बसल्या की दुसरी घंटा, मग आपण दार ओढून बाहेर. दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर तोंडाशी येईल एवढ्या उंचीवर, लाकूड काळं पडून गुळगुळीत झालंय, डोकी टेकून टेकून. व्यापाऱ्याच्या नोकरांची, मग आपली. मी वर पोचले नाही. अर्ध्यावर दम लागला आणि पायरीवर बसले, तर आर्किटेक्ट मुलगी टॉर्च घेऊन मागून आली होती. ती खालच्या पायरीवर बसली. तिनं वार विचारला नाही. विचारलं, किती मुली होत्या, आणि हिवाळ्यात पाय गार पडायचे का.

मी तिला सगळं सांगितलं. पानाचंही. पान मला कसं माहीत, हे तिला आधीपासून खटकत होतं म्हणे. घसरणाऱ्या मुलीला खालची बाजू कशी ठाऊक, असं मनात आलं होतं, पण वयाचा मान राखून विचारलं नाही. बघ, मला सगळ्यांनी मानच दिला, आणि मी त्या मानातच वितळत गेले.

पण तिनं स्पष्टच सांगितलं. तुमच्या शब्दावर मी समितीपुढे जाऊ शकत नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात, आणि डॉक्टरांच्या मनात आता तिसरीच शंका आहे. त्या जिन्यानं चढलेलं आणखी कुणी आहे का, जिवंत, जिनं आधी काही वेगळं सांगितलेलं नाही?

मी म्हटलं, विचारून सांगते.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. सून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेत होती. मुलगा माझ्याजवळ बसला, त्याला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याची आजी काय काम करायची, मी कुठे जेवायचे, कठडा कोण पुसायचं. तो बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची घडी सरळ करत राहिला. मग म्हणाला, 'बाबांना माहीत होतं?'

'त्यांनी विचारलं नाही.'

'मीही विचारलं नव्हतं,' तो म्हणाला, आणि उठून गेला. रागानं गेला की कसा, मला कळलेलं नाही. आज दोन दिवस झाले, माझ्याशी नीट बोलतो, फार नीट, पाहुण्याशी बोलावं तसं. नात मात्र विचारत होती, घसरायची नाहीस तर मग शनिवारी काय खेळायचीस. तिला मी तेलाच्या फडक्याचं सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं. ते तोंड मी नीट बघून घेतलं, कारण या दोन वर्षांत मी नेमकी त्यालाच घाबरत होते. फार काही भयंकर नव्हतं.

आता मागणं.

तुझ्याकडून साक्ष मागणं म्हणजे मी घाण करायची आणि पुन्हा तुझ्याकडूनच पुसून घ्यायची. हे मला कळतं. त्या दिवशी उंबऱ्यावर तुला बोलायचं होतं, तेव्हा मी तुझं तोंड बंद केलं, आणि आता माझी गरज पडली तर म्हणते, बोल. तू नाही म्हणालीस तर तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. तुझ्या जागी मी असते तर आलेच नसते, बुकिंगसुद्धा केलं नसतं. तू आलीस, आपल्या मुलींना घेऊन आलीस. त्यांना तू कोण हे सांगून आणलं होतंस, की आत गेल्यावर सांगणार होतीस? मी बोलायला लागले म्हणून ते राहून गेलं का? हा विचार मला सगळ्यात जास्त टोचतो.

बुधवारी सकाळी समिती पुन्हा बसते. त्या आर्किटेक्ट मुलीनं भांडून एवढी एक बैठक मिळवली आहे. त्याच्या पुढच्या सोमवारी ठेकेदाराची माणसं येतील, मग विचारायला काही उरणार नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. माझं जे व्हायचं ते झालं, आणि फारसं वाईट झालेलं नाही. त्या जिन्यासाठी ये, वाटलं तर. तू येऊन त्यांच्यापुढे म्हणालीस की ही बाई दोन वर्षं खोटं बोलत होती, तर मी शेजारी उभी राहून हो म्हणेन. जोरात म्हणेन.

आणि आली नाहीस, तर मी एकटी जाईन. परत वार विचारला तर वार सांगेन आणि परत चढेन. मला वेड लागलंय असं ठरवून लोकांनी दोन्ही दंड धरून खाली आणलं, तर एवढंच म्हणेन की बाबांनो, समोरून नको, याच जिन्यानं आणा.

तुझ्या बरोबरीची